मोरचुदाच्या पाण्याने काही गाई बऱ्या होतात, काही लंगडतच राहतात: खुरांच्या आजारांवरील संशोधन काय सांगते?

गोठा_फलटण

सर्वांना नमस्कार. फलटण तालुक्यात आमचा होलस्टीन संकरित गाईंचा मुक्त गोठा आहे आणि सध्या चाळीसच्या आसपास गाई दुधात आहेत. गव्हाणीपुढे आणि दूध काढण्याच्या जागेत सिमेंटचा कोबा आहे; बाकीची मोकळी जागा मुरूम-मातीची असून पावसाळ्यात तिथे चिखल होतो. मागच्या पावसाळ्यात लंगडणाऱ्या गाई वाढल्या, म्हणून दूध काढून बाहेर पडण्याच्या वाटेवर आम्ही उथळ टाके बांधून घेतले आणि आठवड्यातून दोनदा मोरचुदाच्या पाण्यातून गाई चालवू लागलो.

ज्या गाईंच्या मागच्या पायांना टाचेच्या वर, दोन नख्यांच्या बेचक्याजवळ लालभडक, हात लावताच रक्त येणाऱ्या जखमा होत्या, त्यांतील बहुतेकींच्या जखमा सुकल्या आणि नवीन जखमाही कमी झाल्या. मात्र काही गाईंना या पाण्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. त्यांतील एक तिसऱ्या वेताची गाय आहे. ती व्यायल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी लंगडू लागली, उभी असताना उजवा मागचा पाय बाहेरच्या बाजूला टाकते आणि गव्हाणीवर फार वेळ थांबत नाही. पायाला सूज नाही, वास नाही, बाहेरून जखमही नाही. खूर साळून घेतले तेव्हा बाहेरच्या नखीच्या तळव्यावर, टाचेकडच्या भागात, रक्त साकळल्यासारखा काळपट-तांबडा डाग निघाला आणि तिथे अंगठ्याने दाबताच गाईने पाय झटकला. प्रतिजैविकाची इंजेक्शने देऊन झाली, पण फरक पडलेला नाही.

मोरचुदाचे प्रमाण कमी पडते आहे का, की खाद्यात चूक आहे? लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर दिलेली आहे, तरी हा त्याचाच प्रकार असू शकतो का? या विषयावर देशात-परदेशात झालेल्या संशोधनाची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पशुवैद्य_अहिल्यानगर

आपण खुराची नेमकी कोणती जागा दुखते ते लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे बरेच सोपे झाले. आपल्या गोठ्यात बहुधा दोन निरनिराळे आजार एकाच वेळी आहेत आणि टाक्यातील औषध त्यांपैकी एकावरच चालते. मोरचूद वाढवून ही तिसऱ्या वेताची गाय बरी होणार नाही.

टाचेच्या वरच्या लालभडक जखमा डिजिटल डर्मटायटिसच्या असाव्यात. हा कातडीचा संसर्गजन्य आजार आहे. इटलीतील चेली आणि मोर्तेल्लारो यांनी १९७४ साली त्याचे पहिले वर्णन केले आणि पुढच्या काही दशकांत, जिथे जिथे गाई ओल्या, शेणाने भरलेल्या जमिनीवर दाटीने ठेवल्या जातात, तिथे तिथे तो पोचला. जखमेत अनेक प्रकारचे जीवाणू सापडतात, तरी मुख्य वाटा ट्रेपोनेमा नावाच्या मळसूत्री जीवाणूंचा असतो. ते कातडीच्या खोल थरात शिरून बसतात, त्यामुळे जखम वरून सुकली म्हणजे आजार गेला असे समजता येत नाही. ड्योर्टे ड्योप्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या जखमेच्या अवस्थांची जी एम-श्रेणी मांडली, तिचा गोठ्यावर खरा उपयोग इथेच होतो. एम-२ म्हणजे दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, लाल, ठणकणारी जखम. एम-३ म्हणजे उपचारानंतर खपली धरलेली. आणि एम-४ म्हणजे जाड, खरबरीत, कधीकधी केसाळ झालेली जुनाट कातडी. एम-४ अवस्थेतील गाय बहुधा लंगडत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, परंतु जीवाणूंचा साठा तिच्यातच टिकतो आणि गोठा ओला राहिला की तीच जखम पुन्हा एम-२ होते. टाक्याचे खरे काम या गाईंना पुन्हा एम-२ होऊ न देण्याचे आहे. जी जखम आधीच लाल आणि दुखरी आहे, ती पाण्याने धुवून, कोरडी करून तिच्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे औषध थेट लावावे लागते. त्यासाठी इंजेक्शनांची सहसा गरज पडत नाही.

खूरकूज हा आणखी वेगळा आजार आहे. त्यात दोन्ही नख्यांच्या वरचा भाग एकाएकी सुजतो, बेचक्यातील कातडी फाटते, घाण वास येतो आणि ताप असतो. फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जीवाणू मुरमाच्या खड्याने किंवा चिखलाने इजा झालेल्या कातडीतून आत जातो. प्रतिजैविकाच्या इंजेक्शनाची खरी गरज असते ती या आजारात. आपल्या गाईला सूज आणि वास नाही, तेव्हा ही शक्यता मागे पडते. लाळ्या-खुरकूत असता तर ताप, लाळ, तोंडातील फोड आणि एकाच वेळी अनेक जनावरे आजारी, असे चित्र दिसले असते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील सहामाही लसीकरण आपण पाळत आहात, ते कृपया खंड न पाडता चालू ठेवावे, कारण या रोगातून उठलेली संकरित गाय पुढे उन्हाळ्यात धापा टाकते आणि दुधावर पूर्ववत येत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

आता आपल्या मुख्य गाईकडे येते. मागच्या पायाची बाहेरची नखी, तळव्याचा टाचेकडचा भाग, व्यायल्यानंतर तीन महिने आणि दाबल्यावर कळ, या चारही गोष्टी तळव्याच्या व्रणाकडे बोट दाखवतात. रुस्टरहोल्झ यांनी १९२० साली याच जागेच्या व्रणाचे वर्णन केले, म्हणून पशुवैद्यकाच्या पुस्तकांत तो त्यांच्या नावानेही ओळखला जातो. खुराच्या कठीण आवरणाच्या आत एक हाड असते. ते आतून दाबले गेले की तळव्याचे शिंगासारखे आवरण तयार करणारा जिवंत थर हाड आणि जमीन यांच्यामध्ये चेंगरतो, तिथे रक्त साकळते आणि नव्या आवरणाची निर्मिती बिघडते. तो बिघडलेला भाग वाढत वाढत पृष्ठभागावर यायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे आज साळताना जो डाग दिसला, तो आजचा नसून गाय व्यायली त्या सुमाराचा आहे. इथे सुरुवातीला जंतूंचा संबंधच नसतो. म्हणून प्रतिजैविक चालले नाही आणि मोरचूदही चालणार नाही.

या गाईला करायचे ते असे. पशुवैद्यकाकडून किंवा प्रशिक्षित माणसाकडून व्रणाभोवतीचे सुटलेले, मेलेले आवरण काढून घ्यावे, त्या नखीचा टाचेकडचा भाग उतरता करावा आणि आतल्या निरोगी नखीला लाकडी किंवा रबरी ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीवरचा भार पूर्ण काढावा. जिवंत थर उघडा पडला असेल तर त्यावर मोरचुदाची पूड किंवा कोणतेही दाहक औषध भरू नये आणि घट्ट पट्टीही बांधू नये. गाईला काही आठवडे मातीच्या भागात, गव्हाणीजवळ ठेवावे आणि दूध काढताना पहिल्या गाईंमध्ये घ्यावे, म्हणजे तिला ताटकळत उभे राहावे लागणार नाही.

टाक्याविषयी दोन शब्द. विस्कॉन्सिन विद्यापीठातील नायजेल कुक यांच्या गटाने गाई टाक्यातून कशा चालतात याचे निरीक्षण करून टाके ३ ते ३.७ मीटर लांब असावे असे सुचवले, कारण त्याहून आखूड टाक्यात प्रत्येक मागचा पाय किमान दोनदा बुडेलच याची खात्री नसते. आपल्याकडे बहुतेक टाकी जेमतेम दीड-दोन मीटरची असतात आणि गाय एका पावलात ती ओलांडते. तीन मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल पाण्याला १८० लिटर लागतात. पाच टक्क्यांचे द्रावण करायचे तर त्यात नऊ किलो मोरचूद पडतो. याहून कडक द्रावण करून फायदा नाही. शेण मिसळले की मोरचुदाचा जोर उतरतो, तेव्हा गाई आत शिरण्यापूर्वी खूर पाण्याने धुतले जातील अशी सोय करणे हे प्रमाण वाढवण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. मोरचुदाऐवजी फॉर्मेलिन वापरण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो देत नाही, कारण फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच ठरवले आहे, आणि आपल्या गोठ्यांत ते हाताळणारी माणसे हातमोजे-मुखपट्टीशिवाय हाताळतात.

दुधवाला_संगमनेर

डॉक्टर मॅडमनी सांगितलेले सर्व पटले. गोठेवाल्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

लंगडी गाय आपल्याला उशिरा दिसते, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात २००६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पाहणीत संशोधकांनी गाई स्वतः चालवून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक चौथी गाय लंगडत होती. गोठ्याच्या व्यवस्थापकांचा अंदाज याच्या एक तृतीयांशाइतकाच होता. ती माणसे रोज गाईंमध्येच वावरणारी होती. सवयीच्या डोळ्यांना हळूहळू बिघडणारी चाल दिसत नाही. स्प्रेचर यांनी १९९७ मध्ये दिलेली एक ते पाच गुणांची पद्धत आम्ही आमच्या गोठ्यावर वापरतो आणि ती शिकायला अर्धा तासही लागत नाही. गाय उभी असताना पाठ सरळ आणि चालताना कमान होत असेल तर तिला दोन गुण. उभी असतानाही कमान असेल आणि पावले आखूड पडत असतील तर तीन. आपण सहसा चारवर, म्हणजे गाय एक पाय उघडपणे वाचवू लागल्यावर, डॉक्टरांना फोन करतो. महिन्यातून दोन वेळा, दूध काढल्यानंतर सपाट कोब्यावरून एकेक गाय जाऊ द्यावी आणि बाजूने पाठीचा कणा बघावा. आमच्याकडे हे काम माझी सून करते, कारण तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे आणि ती वहीत नोंद ठेवते.

दुधाचे म्हणाल तर इंग्लंडमधील लॉरा ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की लंगडलेल्या गाईचे एका वेतातील दूध सरासरी ३६० किलोने घटते आणि ही घट लंगडणे लक्षात येण्याच्या चार महिने आधीपासून सुरू झालेली असते. आपण त्या काळात पेंड बदलतो, खनिज मिश्रण बदलतो, आणि पाय उचलून बघत नाही.

दुसरी गोष्ट खूर साळण्याची. आमच्या भागात बैलांना पत्री मारणारी मंडळी गाईंचेही खूर साळतात. त्यांचा हात सफाईदार असतो, परंतु बैलाचे खूर पत्रीसाठी सपाट करणे आणि दुभत्या गाईचे साळणे ही कामे निराळी आहेत. गाईला दोर लावून खाली पाडण्यापेक्षा खोड्यात उभी करून पाय वर बांधावा. गाभण गाईच्या बाबतीत तर पाडण्याचा विचारही करू नये. साळणारा गोठ्यागोठ्याने फिरतो, त्याची सुरी आणि रंधा आपल्याकडे येण्यापूर्वी कोणत्या खुरावर चालला असेल हे आपल्याला माहीत नसते. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांना २०१४ मध्ये साळणीच्या हत्यारांवर याच ट्रेपोनेमा जीवाणूंचे अंश सापडले होते. आम्ही हत्यारे आमचीच घेऊन ठेवली आहेत आणि प्रत्येक गाईनंतर ती घासून धुवून जंतुनाशकात बुडवतो.

गोठा_फलटण

मॅडम आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार. आमचे टाके दोन मीटरपेक्षा कमीच आहे, ते वाढवून घेतो. तीन शंका उरतात. खूर किती साळावे आणि कधी? ही व्रणाची गाय व्यायली तेव्हा खूप खंगली होती, त्याचा खुराशी संबंध असू शकतो का? आणि टाक्यातील मोरचुदाचे पाणी आम्ही शेणाच्या खड्ड्यात सोडतो, जिथून स्लरी उसाला जाते, ते योग्य आहे का?

खुरसंशोधक_इंग्लंड

मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातील असून सध्या इंग्लंडमध्ये गाईंच्या लंगडण्यावर संशोधन करणाऱ्या गटात काम करतो. आपली दुसरी शंका माझ्या कामाच्या अगदी जवळची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

होय, संबंध आहे, आणि गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रात झालेला सर्वांत मोठा विचारबदल याच ठिकाणी आहे. खुरातील हाडाखाली, टाचेच्या बाजूला, चरबीची एक गादी असते आणि चालताना बसणारा हादरा ती झेलते. कॉर्नेल विद्यापीठातील बिकाल्हो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सोनोग्राफीने या गादीची जाडी मोजली, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या गाईंची गादी पातळ होती त्यांच्यात तळव्याचे व्रण आणि पांढऱ्या रेषेचे, म्हणजे खुराची भिंत व तळवा जिथे जुळतात त्या सांध्याचे, आजार अधिक होते. आणि गाय जितकी खंगलेली, तितकी गादी पातळ होती. व्यायल्यानंतर दुधासाठी अंगावरची चरबी उतरते, त्या काळात ही गादीही पातळ होत जाते आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास ती सर्वांत पातळ असते. त्यानंतर नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी एका कळपाच्या आठ वर्षांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये दाखवले की गाय आधी खंगते आणि नंतर लंगडते. तोपर्यंत लंगडल्यामुळे खाणे कमी होते आणि म्हणून गाय खंगते, एवढेच समजले जात असे. दोन्ही घडते, पण सुरुवात पुष्कळदा खंगण्यापासून होते.

याच्या जोडीला व्यायण्याचा स्वतंत्र परिणाम असतो. ब्रिस्टल विद्यापीठातील टार्लटन, वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काळात पहिलारू कालवडींच्या खुरांचा अभ्यास केला. व्यायण्याच्या सुमारास, खुराच्या आवरणाला हाड टांगून ठेवणारे तंतू सैल पडतात, असे त्यांना आढळले. हे तंतू सैल असताना कालवड कठीण जमिनीवर तासन्‌तास उभी राहिली तर हाड खाली सरकून जिवंत थर दाबते. तीच जर मऊ, पेंढ्याच्या जागेत ठेवली तर इजा पुष्कळ कमी होते. म्हणून मला आपल्या गोठ्याच्या मातीच्या जागेचे मोल फार वाटते. व्यायण्याच्या आधी दोन-तीन आठवडे आणि नंतर दोन महिने गाईला कोरडी माती मिळाली, ती दिवसाकाठी दहा-बारा तास निवांत बसू शकली, तर खुरासाठी त्याहून चांगले दुसरे काही करता येण्यासारखे नाही. चिखल झालेल्या जागेत गाय बसत नाही, उभीच राहते, आणि उभी राहते ती नेमकी गव्हाणीपुढच्या कोब्यावर. पावसाळ्यात एका कोपऱ्यात भराव घालून उंचवटा करावा आणि त्यावर पत्र्याचे छप्पर टाकावे. हा खर्च औषधांच्या आधी करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

उपचाराच्या बाबतीत नॉटिंगहॅमची २०१५ ची एक चाचणी प्रत्येक पशुवैद्यकाने आणि गोठेवाल्याने लक्षात ठेवावी अशी आहे. नुकत्याच लंगडू लागलेल्या, आवरणाच्या इजा असलेल्या गाईंचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले. एका गटाचे फक्त खूर साळले, दुसऱ्याला साळून ठोकळा लावला, तिसऱ्याला साळून तीन दिवस वेदनाशामक दिले आणि चौथ्याला तिन्ही उपचार केले. पाच आठवड्यांनी फक्त साळलेल्या गटातील सुमारे २४ टक्के गाई पूर्णपणे निर्दोष चालत होत्या, तर तिन्ही उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. त्याच गटाने पुढे दीर्घकाळ लंगडणाऱ्या गाईंवर तसेच उपचार करून पाहिले, तेव्हा कोणताही उपचार फारसा चालला नाही. त्याचे एक कारण आत दिसते. वारंवार किंवा फार दिवस लंगडलेल्या गाईंच्या खुरातील हाडावर, टाचेच्या बाजूला, नवीन हाडाचे कंगोरे उगवलेले आढळतात आणि ते पुढे आयुष्यभर आतून टोचत राहतात. संगमनेरच्या दादांनी महिन्यातून दोनदा चाल बघण्याचा जो सल्ला दिला, त्याचे महत्त्व यावरून कळावे. पहिल्या दोन आठवड्यांत पकडलेली गाय आणि तीन महिन्यांनी पकडलेली गाय यांना एकच औषध देऊन एकच फळ मिळत नाही.

साळणीविषयी आजही जगभर जी पद्धत शिकवली जाते ती नेदरलँड्समधील उट्रेख्टचे तुसाँ रावेन यांची. मागच्या पायाची आतली नखी आधी घ्यावी, समोरच्या भिंतीची लांबी साधारण ७५ मिलिमीटर ठेवावी, मग बाहेरची नखी तिच्या उंचीला आणावी आणि दोन्ही तळव्यांचा आतला, व्रण होण्याच्या जागेचा भाग किंचित खोलगट करावा, म्हणजे भार तिथे पडत नाही. अलीकडच्या मोजमापांनुसार थोराड होलस्टीन गाईंना ७५ मिलिमीटर कमी पडते आणि ८५-९० पर्यंत लांबी ठेवणे सुरक्षित ठरते. आपल्या संकरित गाई आकाराने लहान-मोठ्या असतात, म्हणून केवळ मापावर विसंबू नये. तळवा अंगठ्याने दाबला तर लवू नये एवढी जाडी उरलीच पाहिजे. गुळगुळीत, देखणे खूर करण्याच्या नादात तळवा पातळ करणे हा साळणीतील सर्वांत घातक प्रकार आहे, आणि पावसाळ्यात आवरण आधीच भिजून मऊ पडलेले असते तेव्हा त्याचे परिणाम लगेच दिसतात. गाय आटवताना एकदा आणि व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदा पाय उचलून पाहावा. गरज नसेल तर दुसऱ्या वेळी साळू नये.

खाद्याचा प्रश्न आपण सुरुवातीला विचारला होता. पिष्टमय खाद्य एकाएकी वाढवले, शिळ्या भाकऱ्या किंवा भरडा जास्त पडला, तर पोटात आम्लता वाढून खुरातील जिवंत थराला सूज येऊ शकते, आणि प्रयोगात मुद्दाम मोठी मात्रा देऊन ते दाखवलेही गेले आहे. परंतु रोजच्या खुराकातील थोड्याफार फरकाने तळव्याचे व्रण होतात, हा जुना समज आता तितका भक्कम राहिलेला नाही. बायोटिन या जीवनसत्त्वाचा पुरावा बरा आहे: रोज २० मिलिग्रॅम दिल्याने पांढऱ्या रेषेच्या आजारामुळे होणारे लंगडणे कमी होते असे ब्रिस्टलच्या अभ्यासात दिसले. मात्र खूर महिन्याला जेमतेम पाच मिलिमीटर वाढते, त्यामुळे फरक दिसायला सहा महिने तरी धीर धरावा लागतो.

पशुवैद्य_अहिल्यानगर

वरच्या प्रतिसादातील वेदनाशामकाबाबत भारतातील वाचकांसाठी एक अत्यंत आवश्यक सूचना देते. इंग्लंडमधील त्या चाचणीत केटोप्रोफेन वापरले होते. आपल्याकडे जनावरांसाठी केटोप्रोफेनवर केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये बंदी घातली आहे, आणि डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ पासूनच बंद आहे. ही औषधे दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. महाराष्ट्रातील गिधाडे याच कारणाने झपाट्याने नाहीशी झाली. तेव्हा औषधाच्या दुकानातून माणसांची इंजेक्शने आणून गाईला देण्याची पद्धत कोणी चालवू नये. गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले मेलोक्सिकॅम आपल्याकडे सहज मिळते आणि या गाईला साळणी व ठोकळ्याबरोबर तेच देणे योग्य होईल. मात्रा गाईच्या वजनावर ठरते आणि औषध चालू असताना व त्यानंतर काही दिवस दूध डेअरीला घालता येत नाही, तेव्हा आपल्या पशुवैद्यकांकडून दोन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात.

मोरचुदाच्या पाण्याबद्दलची आपली शंका रास्त आहे. तांबे जमिनीत कुजत नाही, धुवूनही फारसे जात नाही, वर्षानुवर्षे साठत राहते. आठवड्यातून दोनदा नऊ किलो मोरचूद म्हणजे वर्षाला साडेनऊशे किलोच्या आसपास होतो, आणि मोरचुदाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा शुद्ध तांबे असते. हे सगळे त्याच दोन-तीन एकर उसात गेले तर पुढच्या पिढीला ती जमीन बिघडलेली मिळेल. स्लरी गोबर गॅसच्या टाकीतून जात असेल तर तिथल्या जीवाणूंनाही तांबे बाधते. म्हणून पाणी एकाच शेतात न सोडता जास्तीत जास्त क्षेत्रावर पातळ करून पसरावे, दर दोन-तीन वर्षांनी माती परीक्षणात तांबे तपासून घ्यावे, आणि मुख्य म्हणजे वापर कमी करावा. आपल्या गोठ्यातील लाल जखमा आता आटोक्यात आहेत, तर उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा टाके भरून पाहावे; जखमा वाढल्या तरच पुन्हा आठवड्याला यावे. मधल्या वारी साध्या पाण्याने खूर धुतले तरी बराच फायदा होतो. गोठ्यावर शेळ्या-मेंढ्या असतील तर त्यांना या पाण्याच्या आसपासही फिरकू देऊ नये, कारण मेंढ्यांना तांब्याची विषबाधा फार लवकर होते.

ठोकळा लावल्यावर तीन-चार दिवसांत गाय मोकळी चालू लागली पाहिजे. तसे झाले नाही, किंवा नखीच्या वर सूज चढली, तर संसर्ग आतल्या सांध्यापर्यंत गेला असण्याची शक्यता असते आणि मग एक दिवसही न थांबता पाय पुन्हा उघडून बघावा लागेल. सर्व ठीक असल्यास साधारण महिन्याने ठोकळा तपासावा. तो एका बाजूने झिजून तिरका झाला असेल तर काढून टाकावा, नाहीतर निरोगी नखीच्याच तळव्यावर दाब पडू लागतो.